नारू कसा गेला

बालाघाटाच्या पठारावर पाणी सहजी दिसत नाही. जळकोटहून पूर्वेला मुखेड, उत्तरेला कंधार, पश्चिमेला अहमदपूर, दक्षिणेला उदगीर, कुठंही जा. वर हातभर माती, मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. पावसाळ्यात नाले फुगतात आणि दिवाळीनंतर महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्याच पात्रातून बैलगाड्या जातात. पाणी उरतं ते पाषाणाच्या भेगांत, आणि तिथवर पोचायला विहिरीशिवाय इलाज नव्हता. म्हणून मराठवाड्याने शेकडो वर्षं विहिरी खोदल्या आणि त्यातल्या चांगल्या विहिरींना पायऱ्या केल्या. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याच्या बारवा, अंबाजोगाईच्या बारवा बघायला आज लांबून लोक येतात. गावोगावच्या बिननावाच्या बारवांना असं भाग्य नव्हतं. त्या रोजच्या पाण्याच्या होत्या. बाई घागर घेऊन पायऱ्या उतरायची. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की शेवटच्या पायरीवरून सरळ पाण्यात पाऊल टाकायची, हाताने वरचा पालापाचोळा बाजूला सारायची आणि घागर भरायची. प्यायचं पाणी आणि पाण्यात उतरलेलं पाऊल यांच्यात काहीच आडपडदा नव्हता.

एका जंताला एवढंच पुरेसं होतं.

निजामाच्या राजवटीतला मराठवाडा, त्याला लागून असलेला तेलंगण आणि कर्नाटकातला कोरडा भाग हा नारूचा जुना मुलूख. इथल्या माणसांना नारू म्हणजे काय ते डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. घोट्याजवळ किंवा पोटरीवर आधी खाज सुटते, मग आग होते, दोन-तीन दिवसांत बोराएवढा फोड येतो, तो फुटतो आणि जखमेच्या तोंडाशी पांढरा दोरा दिसतो. दोरा जिवंत असतो. घरातलं जाणतं माणूस तो काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा ओढायचं. कुणी वर पाल्याचा लेप लावायचं, कुणी मंत्र टाकायला न्यायचं. दोरा अखंड निघाला तर माणूस महिन्याभरात चालायला लागायचा. तुटला तर पाय सुजायचा, पू व्हायचा, आणि कधी कधी गुडघा किंवा घोटा जन्मभरासाठी आखडून जायचा. गावात एखादा माणूस नारूने लंगडा झालेला असायचाच. त्याला नावही त्यावरूनच पडायचं.

हे सारं लोक बघत होते, पण नारू येतो कुठून हे कोणाला कळत नव्हतं. याचं कारण त्या जंताच्या चालीत आहे. नर्सिंगच्या वर्गात ज्याला पॅथोफिजिऑलॉजी म्हणतात, म्हणजे रोग शरीरात शिरल्यापासून त्याची पावलं कशी पडतात त्याचा हिशेब, तो नारूइतका स्वच्छ क्वचितच दुसऱ्या रोगाचा मांडता येतो. आणि इतका उशिरा लक्षात आलेलाही क्वचितच.

साचलेल्या पाण्याचा पेला उजेडासमोर धरला तर कधी कधी त्यात पांढरे ठिपके उड्या मारल्यासारखे हलताना दिसतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. हा सायक्लॉप्स, कोळंबीच्या दूरच्या गोतातला जीव. भिंगाखाली त्याचा एकच डोळा दिसतो आणि मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. तो स्वतः निरुपद्रवी. पण नारूची अळी पाण्यात पडली की तो ती खातो, आणि त्याच्या पोटात साधारण दोन आठवड्यांत ती माणसाच्या अंगात शिरण्याच्या तयारीची होते. मग कुणीतरी ते पाणी पितं. जठरातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, अळी सुटते, आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत आणि तिथून मांसाच्या मधल्या जाळीदार ऊतीत उतरते. साधारण तीन महिन्यांनी नर-मादीचा समागम होतो. नर लहान असतो, काही सेंटिमीटरचा. त्याचं काम संपतं आणि तो आतच मरतो. मादी वाढत राहते. शेवईएवढी जाड आणि तब्बल मीटरभर लांब होते, आणि हळूहळू पायाकडे सरकते.

एवढं होईपर्यंत माणसाला काहीच कळत नाही. ताप नाही, दुखणं नाही, सूज नाही. मीटरभर लांबीचा परका जीव मांसातून फिरतोय आणि शरीराची संरक्षणयंत्रणा गप्प आहे, ही या रोगातली सर्वांत विचित्र गोष्ट. एकदा नारू होऊन गेला तरी शरीर त्यातून काही शिकत नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा सापडतो. दहा ते चौदा महिन्यांनी मादी कातडीखाली येते तेव्हा तिच्या शरीरात गर्भाशयाशिवाय फारसं काही उरलेलं नसतं, आणि त्यात लाखो अळ्या असतात. त्यातल्या थोड्या ती कातडीखाली सोडते. आता मात्र शरीर खवळतं. अंगावर गांधी उठतात, मळमळतं, उलट्या होतात, चक्कर येते, आणि त्या जागी पांढऱ्या पेशी गोळा होऊन फोड धरतो. फोडाची आग इतकी असते की माणूस पाय थंड पाण्यात घालतो. पाण्याचा स्पर्श झाला की फोड फुटतो, मादीचं गर्भाशय बाहेर येतं आणि दुधासारखा पांढरा द्रव पाण्यात पसरतो. त्यात असतात लाखो अळ्या. खाली सायक्लॉप्स वाट बघत असतोच.

म्हणजे रोग्याला आराम वाटावा म्हणून जे करावंसं वाटतं, तेच जंताला हवं असतं. आणि दुखणं आज पायाला असतं, पण त्याचं कारण गेल्या वर्षी प्यायलेल्या पाण्यात. वर्षभरापूर्वी कुठल्या विहिरीचं पाणी प्यालो हे कोण लक्षात ठेवणार? त्यात हा काळही जंताच्या सोयीचा. मार्च ते मे या महिन्यांत बारव आटलेली, उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्स दाटलेले, माणसं खालपर्यंत उतरणारी. तेव्हा प्यालेली अळी वर्षाने पुन्हा त्याच उन्हाळ्यात पायातून बाहेर पडते. मग मृग लागतो, पेरणीची घाई होते आणि घरातला कर्ता माणूस ओट्यावर पाय लांब करून बसलेला असतो. मलेरिया, पटकी, देवी माणसं मारायच्या. नारू सहसा मारत नव्हता, तो हंगाम मारायचा. सरकारदरबारी त्याची मोजदाद उशिरा झाली, त्याचं एक कारण हेही असावं. मेलेल्यांचे आकडे असतात, पेरणी चुकलेल्यांचे नसतात.

हे कोडं उलगडायला आलेल्यांपैकी एकजण मुंबईत होता. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन, सूक्ष्मदर्शकवेडा माणूस. १८५० च्या दशकात त्याच्या ध्यानात आलं की मुंबई बेटावरल्या एका शाळेतली पन्नासपैकी एकवीस मुलं एका वर्षात नारूने पडली, आणि दुसरीकडे आंघोळ करणारी बाकी शाळांतली मुलं मात्र सुखरूप. फरक एकच होता. त्या पहिल्या शाळेतली मुलं एका विशिष्ट डबक्यात आंघोळ करत. निरीक्षण अचूक होतं. कार्टरने त्या डबक्याचं पाणी तपासलं, त्यात बारीक जंत सापडले, आणि त्याने निष्कर्ष काढला की हेच जंत आंघोळीच्या वेळी कातडीतून आत शिरतात आणि वाढून नारू होतात. पाण्यापर्यंत तो बरोबर पोचला आणि तोंडाऐवजी कातडीकडे वळला. त्याला दोष देता येत नाही. फोड पायालाच येतो, पाय पाण्यात असतो, मग कातडीवर संशय जाणारच. पण या समजुतीने पुढची वीस वर्षं खाल्ली.

खरी वाट १८७० च्या सुमारास सापडली, तीही मध्य आशियात. अलेक्सी फेदचेंको हा रशियन निसर्गशास्त्रज्ञ समरकंदच्या परिसरात काम करत होता. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरतात आणि तिथं वाढतात, हे त्याने स्वतः पाहिलं. पुढची पायरी गाठायला तो राहिला नाही. १८७३ साली आल्प्समधल्या माँ ब्लाँकवर वादळात सापडून मेला, वय २९. उरलेला दुवा रॉबर्ट लायपर या ब्रिटिश संशोधकाने १९०५ नंतर आफ्रिकेतल्या अक्रा इथं जोडला. जठररसाइतक्या सौम्य आम्लात त्याने सायक्लॉप्स टाकले, तेव्हा सायक्लॉप्स मेले आणि आतल्या अळ्या तरतरीत होऊन सुटल्या. मग सायक्लॉप्स भरलेली केळी माकडाला खाऊ घातली आणि काही महिन्यांनी त्याच्या शरीरात नारूचे जंत सापडले. मुंबईत परळच्या बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत, म्हणजे पुढे जिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं त्या संस्थेत, डॉ. तुरखुड यांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे नारूवर काम केलं. तेव्हापासून शास्त्राच्या दृष्टीने काही शिल्लक नव्हतं. नारू पाण्यातून येतो, गाळून प्या, नारूवाला पाय पाण्यात जाऊ देऊ नका. तीन वाक्यांचा उपाय.

आणि तरी तो परळपासून पठारापर्यंत पोचायला साठ-सत्तर वर्षं लागली.

याची कारणं शास्त्रात नाहीत. निजामाच्या राज्यातल्या या जिल्ह्यांत दवाखाना तालुक्याच्या गावी असला तर असायचा. रस्ते नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. औरंगाबादला मेडिकल कॉलेज निघालं १९५६ मध्ये, अंबाजोगाईचं १९७४ मध्ये. नांदेडचं त्यानंतर चौदा वर्षांनी आणि लातूरचं सरकारी कॉलेज तर या शतकात. नारूचा ऐन काळ होता तेव्हा जळकोट भागातल्या माणसाला डॉक्टर म्हणजे दिवसभराचा प्रवास होता, आणि डॉक्टरकडे तरी काय होतं? नारूवर औषध नाही. तेव्हा नव्हतं, आज नाही. काही गोळ्यांनी सूज कमी होते, पण जंत मरत नाही. लस नाही. काडी आणि सबुरी, एवढाच उपचार.

अजून एक कारण सांगितलं पाहिजे, जे आरोग्य खात्याच्या अहवालांत सापडत नाही. बारव ही सगळ्या गावाची कधीच नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींना तिच्या पायरीवर पाऊल ठेवायची बंदी होती. त्यांच्यासाठी वेगळा आड किंवा नाल्यातला झरा. पाण्याच्या शुद्धतेबद्दल इतका काटेकोर असलेला समाज, पण ज्याच्या पायातून नारू लोंबतोय त्या सवर्ण माणसाने बारवेत गुडघाभर उतरावं याला कोणाची हरकत नव्हती. विटाळ जातीचा मानला जात होता, जंताचा नाही. ज्यांना बारवेपासून हाकललं ते नारूपासून वाचले असं मात्र समजू नका. नाल्यातल्या डबक्यातही सायक्लॉप्स असतो.

बदल आला तो दुष्काळाच्या वाटेने. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यात अजून ताज्या आहेत: सुकडी, तांबडी मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामं. त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. हवेच्या दाबावर चालणारी खोदकाम यंत्रं गावागावात येऊन काळ्या पाषाणात सहा इंची भोकं पाडू लागली. पहारीने महिनोन्महिने फुटायचा नाही तो कातळ यंत्र एका दिवसात भेदायचं. महाराष्ट्र सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच सुमाराची. पण अशी बोअर घेण्याची सुरुवात त्याआधी काही वर्षं, मिशनऱ्यांनी केली होती, आणि त्यातलं एक केंद्र होतं जालना. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालन्याच्या मिशनने बोअर घेतल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की खरी अडचण भोक पाडण्यात नसून त्यावर बसवायच्या पंपात आहे.

तोवरचे हातपंप बिडाचे, युरोपातल्या शेतघरांसाठी घडवलेले. एका कुटुंबाला दिवसाकाठी चार बादल्या पाणी देणारे. इथं त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत लटकायचं, आणि काही आठवड्यांत दांडी तुटायची. जालन्याच्या वर्कशॉपात पोलादी पंप तयार झाला, त्यातल्या कल्पना पुढे सोलापूरच्या एका वर्कशॉपाने घेतल्या आणि सोलापूरचा पंप त्याहून टिकाऊ निघाला. युनिसेफने १९७४ च्या सुमारास देशातल्या हातपंपांची पाहणी केली तेव्हा बहुतेक पंप बंद पडलेले आढळले. मग सोलापूरच्या पंपाचाच पाया धरून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासच्या मदतीने नवा पंप तयार करण्यात आला: दांडीच्या खिळीला बॉल बेअरिंग, आतल्या सळईला साखळी, सगळे भाग ठरावीक मापाचे. इंडिया मार्क टू. गावात त्याचं नाव हापसा. पुढे भारतात आणि आफ्रिकेत त्याच्या लाखो प्रती बसल्या, पण त्याचं आजोळ जालना आणि सोलापूर आहे ही गोष्ट मराठी माणसाला सहसा ठाऊक नसते. आपण तलवारींचे इतिहास लिहितो, पंपांचे नाही.

नारूच्या नजरेने हापशाकडे पाहिलं तर काय दिसतं? खाली पाणी शे-दोनशे फुटांवर, पाषाणात बंद. तिथं उजेड नाही, शेवाळ नाही, सायक्लॉप्स जगू शकत नाही. वर सिमेंटचा ओटा. माणसाचा पाय ओट्यावर, पाणी तोटीतून. पाय आणि पाणी यांच्यात शंभर फूट कातळ आला आणि हजारो वर्षं चाललेलं चक्र तिथं तुटलं. हापसा बसवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोक्यात नारू नव्हताही. त्यांना फक्त तहान दिसत होती.

पण हापशाने सगळं काम केलं असतं तर पुढची मोहीम लागलीच नसती. हापसा नादुरुस्त पडला की लोक बारवेवर परत. हापशाच्या पाण्याला लोखंडाची चव, त्यात डाळ शिजत नाही, चहा काळा होतो, ही तक्रार तर घरोघरी. देवाला पाणी बारवेचंच लागायचं. म्हणून १९८३-८४ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेमार्फत राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले. महाराष्ट्र त्या सात राज्यांत होता.

या मोहिमेची खरी माणसं उपकेंद्रातली. एएनएम सिस्टर, बहुउद्देशीय आरोग्य सेवक, ज्याला गाव ‘मलेरियावाला’ म्हणायचं. वर्षातून दोन-तीनदा शोधमोहीम. हातात नारूचं रंगीत चित्र, घरोघरी तेच विचारायचं: असं कोणाच्या पायाला आहे का? गेल्या वर्षी होतं का? चित्र दाखवायचं कारण असं की लाजेने किंवा भीतीने लोक नारू लपवत. दवाखान्यात नेऊन पाय कापतील ही एक भीती, आणि नारू म्हणजे देवाचा कोप ही दुसरी. सापडलेल्या रुग्णाची जखम धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं, पट्टी बांधायची आणि बजावायचं की हा पाय बारवेत जाता कामा नये. पाय पाण्यात बुडवल्याशिवाय आराम नाही म्हणालात तर बादलीत बुडवा, आणि ती बादली विहिरीपासून दूर कोरड्या मातीवर ओता. बादलीत पाय ठेवल्यावर मादी अळ्या टाकते, ढिली पडते, मग तिचं टोक कापसाच्या बोळ्यावर किंवा काडीवर घेऊन हळू ओढायचं. दोन-तीन सेंटिमीटर निघाली की ताण लागतो. ताण लागला की थांबायचं, काडी जखमेशी बांधायची, उद्या पुढे. घाई केली आणि जंत तुटला तर आतल्या हजारो अळ्या मांसात सांडतात, आणि आतापर्यंत गप्प बसलेलं शरीर एकदम पेटतं. सेल्युलायटिस, गळू, सांधा गेला तर सांधा. पट्टी बांधणाऱ्या सिस्टरला हे कळलेलं असेल तरच तिचा हात थांबतो. इतक्या छोट्या कौशल्यात पॅथोफिजिऑलॉजीचं एक अख्खं प्रकरण आहे.

दुसरं काम विहिरींवर. सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमेफॉस, एका लिटरला एक मिलिग्रॅम, मोजून. त्याआधी विहिरीत पाणी किती आहे याचा हिशेब करायचा, तोही दोरीला दगड बांधून. पाण्यात ‘फवारणी’ टाकतायत म्हणून ठिकठिकाणी भांडणं. घरोघरी पाणी दुहेरी कापडातून किंवा बारीक जाळीतून गाळायचं. सायक्लॉप्स साध्या पातळाच्या दोन पदरांतूनही जात नाही. घडी घातलेलं धुतलेलं पातळ, एवढ्या साधनाने अख्खा रोग अडतो, ही गोष्ट वर्गात शिकवली की मुली हसतात, आणि मग गप्प होतात. तिसरं काम सगळ्यांत नाराजीचं: बारवेच्या पायऱ्या बंद करायच्या. वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, पाणी पोहऱ्याने काढायचं. पाय आणि पाणी वेगळे करायचे. काही ठिकाणी जुन्या चिरेबंदी पायऱ्यांवर सिमेंट ओतलं गेलं. काही बारवा बुजवल्या गेल्या.

आकडे झपाट्याने उतरले. तामिळनाडू आधीच मोकळा झाला होता. एकामागून एक राज्यं निघत गेली. देशातला शेवटचा नारूचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षं रोग नसल्याचं सिद्ध करायचं होतं, म्हणजे प्रत्येक अफवेच्या मागे धावत जाऊन पाय बघायचे. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. देवी लसीने गेली, पोलिओ लसीने गेला. नारू कुठल्याही औषधाशिवाय, लसीशिवाय गेला. एका रोगाची पावलं नीट समजली आणि त्यातल्या एका पावलावर सगळं बळ लावलं, एवढ्यावर. मला तर सार्वजनिक आरोग्याच्या गेल्या शतकातलं हे सर्वांत मोठं यश वाटतं. पण नारूचं नाव कोणत्याही टपाल तिकिटाच्या चर्चेत येत नाही, आणि काडीवर जंत गुंडाळणाऱ्या सिस्टरचा पुतळा तर कुठंच नाही.

जगात तो अजून पूर्ण संपलेला नाही. १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली १४. उरलेली अडचण नवी आहे: चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होतो असं लक्षात आलं, आणि माणसाला समजावता येतं तसं कुत्र्याला पाण्यात जाऊ नको म्हणता येत नाही. आपल्याकडे माणसाबाहेर नारू टिकून राहिला नाही, हे आपलं नशीब.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या बोअरने नारू घालवला, तीच पुढे दोनशेवरून पाचशे, पाचशेवरून आठशे फुटांवर गेली. आधी पिण्यासाठी, मग उसासाठी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. बारवा मात्र कचऱ्याने भरलेल्या. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर तरुण मुलं बारवा उपसून साफ करतायत, दिवे लावतायत, ही आनंदाची गोष्ट. कोणी विचारतं, बारव पुन्हा वापरात आली तर नारू परत येईल का? येणार नाही. सायक्लॉप्स आजही पाण्यात आहे, पण त्याला खायला नारूची अळी नाही, कारण ती सोडणारा पाय या देशात १९९६ नंतर नाही. बारव निर्दोष होती. पायरी निर्दोष होती. पाणी साठवा, जमिनीत मुरू द्या, शेतीला वापरा. प्यायचं पाणी मात्र पायरीवरून काढू नका, नारू नसला तरी इतर बरंच काही असतं.

लातूर, नांदेड, उदगीरच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना नारू आता पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांचा असतो, परीक्षेत दोन मार्कांचा. त्यांना एक सांगायचं आहे. जळकोटसारख्या भागात उपकेंद्रावर, ग्रामीण रुग्णालयात गुडघा दुखतो म्हणून सत्तरीतलं माणूस येतं. एक्स-रे काढला की कधी कधी पोटरीच्या मांसात पांढरी, वेटोळी, मण्यांसारखी तुटक रेघ दिसते. शीर नव्हे, फ्रॅक्चर नव्हे. पायातून बाहेर न पडता आतच मेलेला आणि चुन्याने कठीण झालेला नारू आहे तो, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा. त्याला आता उपचार लागत नाही. त्या आजीला, आजोबांना विचारा, कुठल्या गावच्या, कुठल्या विहिरीचं पाणी पीत होता, नारू कोणी काढला, हापसा गावात कधी आला, आणि त्या विहिरीवर कोणाला येऊ देत नव्हते. केस पेपरच्या मागे दोन ओळी लिहून ठेवा. हे सांगणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांच्या गावांची नारूची नोंद बहुतेक ठिकाणी दुसरी कुठलीच नाही.